बिनशेंडीचा घोडा

वय सांगताना डॉक्टरांनी कधी कोणाची भीड ठेवली नाही. मेंढीची नाही, माणसाची नाही, आणि लोखंडाची तर नाहीच नाही. बाजारात कोणी मेंढी पुढे केली की ते तिचा खालचा ओठ अंगठ्याने दाबायचे, एक नजर टाकायचे आणि गिऱ्हाइकाच्या देखतच सांगायचे, "चारदाती म्हणून विकतोस व्हय रे? आठी दात भरून हिचं तोंड आटोपलंय." विकणाऱ्याचं तोंडही तिथेच आटोपायचं. आणि कोणी जुनं रिव्हॉल्व्हर पुढे केलं तरी डॉक्टर तेच करायचे. आधी ते मधून मोडून उघडायचे, पोटात गोळी नाही ना ते बघायचे, मग अंगठ्याचं नख लोखंडावरून फिरवायचे आणि मालकाच्या तोंडावर वय सांगून मोकळे व्हायचे.

ते गुरांचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन वारूळवाडीला राहिलेले. घर मूळचं राजुरीकडचं, मेंढरांवर वाढलेलं; वडील हातपाय चालत होते तोवर कळपामागे चालले. त्या घरातून शिकले ते हे एकटेच. आवाज खणखणीत, मिशी आखूड, सदऱ्याच्या खिशात दोन भिंगं. नम्रपणाशी त्यांचा संबंध नव्हता. कोणी "डॉक्टर, तुम्हाला लई माहिती" म्हटलं तर ते "आहेच" म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. स्वतःच्या घरात मात्र त्यांनी एकही हत्यार कधी ठेवलं नाही. तुमच्याकडची भाजी चिरायची विळीसुद्धा बोथट आहे, असं मी एकदा गमतीने म्हणालो. ते हसले नाहीत. का हसले नाहीत हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मला सगळंच उशिरा कळतं.

आमच्या जुन्नर-आंबेगावात जुने शस्त्रपरवाने पुष्कळ. कोणाच्या आजोबांना इंग्रजाच्या काळात मिळालेला, कोणाच्या वडलांनी मळ्यात राहायचं म्हणून काढलेला. परवान्यावर जुन्या कारकुनाने नुसतं 'विलायती रिव्हॉल्व्हर, जुने' लिहून ठेवलेलं असायचं. नूतनीकरणाला गेलं की कचेरीत विचारणार, नंबर कोणता, बनावट कुठली, साधारण कधीची. मग माणसं परवाना आणि हत्यार घेऊन डॉक्टरांच्या ओसरीवर. पोलीस ठाण्यातूनही बोलावणं यायचं. डॉक्टर वय सांगायचे, चहा पाजायचे आणि "आता घेऊन जा, घरात नको" म्हणायचे.

मी त्यांच्या ओसरीवर पोचलो तो माझ्या मूर्खपणामुळे. नारायणगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट. एका बागायतदाराने परवान्यासाठी रिव्हॉल्व्हरच्या नंबराचा फोटो काढायला सांगितला. मी ऐटीत काढला, मोठा करून दिला. कचेरीने तो परत पाठवला आणि बागायतदाराने मला डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी फोटो भिंगाखाली धरला. "हा नंबर न्हाई. हे नळीचं माप आहे," ते म्हणाले. "आधारकार्डावर चपलेचं माप टाकतोस का तू?"

दुसऱ्या खेपेला खरा नंबर शोधून काढला, पण रिव्हॉल्व्हर उलटं धरून. सहाचे नऊ झाले. तिसऱ्या खेपेला हात हलला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि मला कायमचं ठेवून घेतलं. चांगला फोटोग्राफर मिळत नाही म्हणून नव्हे. "तुझ्या चुका मला पाठ झाल्यात," ते म्हणाले, "नव्या माणसाच्या नव्या चुका कोण शिकणार?" तेव्हापासून ते मला 'हलका हात' म्हणायला लागले. माझा हात हलतो म्हणून. लोकांना वाटायचं, कौतुकाने म्हणतात. मीही कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

नंबराच्या आधी अंग बघायचं, हा त्यांचा धडा पहिला. ते शिकवायला त्यांनी मला एका वाड्यावर नेलं, म्हणजे मेंढरं बसवतात तिथे, आणि एक मेंढी पकडून तिचं वय विचारलं. मी तिचा वरचा ओठ उचलला. वर एकही दात नव्हता. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "बिचारी फार म्हातारी आहे." धनगर खाली बसून हसला. मेंढीला पुढचे वरचे दात नसतातच, हे त्या वाड्यावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "कुठं बघायचं ते ठाऊक नसलं की डोळे असून काय करायचे?"

मग त्यांनी लोखंडात कुठं बघायचं ते दाखवलं. नंबर तीन ठिकाणी ठोकलेला असतो, सांगाड्यावर, नळीवर आणि गोळ्या भरायच्या फिरत्या डब्यावर. तिन्ही जुळले तर "एका पोटचं". एखादा वेगळा निघाला तर "सावत्र". जिथं नंबर घासून नवा ठोकलाय तिथं लोखंड वाटीसारखं किंचित खोल लागतं. डोळ्यांना दिसत नाही, नखाला कळतं. नंबर बदलता येतो म्हणूनच आधी अंग बघायचं. मुठीचा आकार, खालची कडी, कारखान्याचा मुकुट. भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने आणलेल्या 'लंडनच्या' रिव्हॉल्व्हरवरचा मुकुट बघून ते म्हणाले होते, "इंग्लंडच्या राजानं फेटा कधीपासून बांधला?"

आणि घोडा. घोडा म्हणजे मागचा तो हातोडा, जो आदळला की गोळी सुटते. पहिल्या लढाईतल्या इंग्रजी फौजी रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला वरती शेंडी असते, अंगठ्याने मागे ओढायला. दुसऱ्या लढाईच्या सुमाराला रणगाड्यात बसणाऱ्यांसाठी जी निघाली, त्यातल्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरच्या घोड्याची शेंडी कारखान्यानेच काढून टाकली. कपड्यात अडकू नये म्हणून. असं बिनशेंडीचं पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणालो, "हे तुटलंय. फोटोत जोडून देऊ का?" डॉक्टरांनी माझं बोट धरून त्या घोड्यावर फिरवलं. तो भाग साच्यातून आल्यासारखा गोल, गुळगुळीत होता. "कापलेलं असतं तर कानस लागली असती. हा जन्मापासूनच असा आहे. आणि जन्म दुसऱ्या लढाईचा. त्याआधीचा असूच शकत न्हाई." मी मान डोलावली. मला समजलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक. ती समजली नसती तर बरं झालं असतं, असं नंतर पुष्कळदा वाटलं.

निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. एका निवडणुकीनंतर दोन शेजाऱ्यांची रिव्हॉल्व्हरं बदलून परत आली. दोघं एकमेकांच्या बांधावर उभे राहायचे नाहीत असे, आणि आता एकमेकांचं हत्यार कमरेला. दोघेही हातातलं सोडेनात, कारण ते आपल्यापेक्षा चांगलं दिसत होतं. डॉक्टरांनी दोन्ही मांडीवर घेतली, कानाची खूण बघून मेंढरं निवडावीत तशी मिनिटात वेगळी केली आणि म्हणाले, "तुझं म्हातारं आहे, त्याचं त्याहून म्हातारं. दोन्ही उडवाल तर स्वतःचाच हात जाईल. आता भांडा." दोघे हिरमुसून गेले. त्या खेपेला माझे सगळे फोटो स्पष्ट आले होते, फक्त पाकिटं बदलून मी ते उलट्या घरी पोचवले.

पण डॉक्टरांचं हे सरळ बोलणं नेहमीच हसण्यावारी जायचं असं नाही. आंबेगाव तालुक्यात एक निवृत्त सुभेदार होते. त्यांच्या घरात भिंतीवर आजोबांचा फोटो, आणि त्याखाली काचेच्या पेटीत रिव्हॉल्व्हर. साहेबाचा जीव वाचवला म्हणून साहेबानं स्वतःचं काढून दिलं, अशी घराण्याची हकीकत. सुभेदार ती सांगताना उभे राहायचे. डॉक्टरांनी बघितलं. सुभेदारांच्या आजोबांनी फौज सोडली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते बनलेलं होतं. मी डॉक्टरांना डोळ्याने खुणावलं, राहू दे. त्यांनी सांगून टाकलं. सुभेदार खाली बसले आणि त्यांनी आम्हाला चहा विचारला नाही. पुढच्या वेळी मी त्या घरी लग्नाचे फोटो काढायला गेलो तेव्हा भिंतीवर खिळा तेवढा होता. वर्षभरात सुभेदार गेले. त्यांच्या दहाव्याहून परतताना गाडीत मी डॉक्टरांना रागाने म्हणालो की एक खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं. त्यांनी खिशातलं एक भिंग काढून सदऱ्याला पुसलं. मग म्हणाले, "एकदा खोटं वय सांगितलं ना, की तो माणूस बाजारातून उठला. मग त्यानं खरं सांगितलं तरी कोण ऐकंल? आणि मला अजून एक वय सांगायचं राहिलंय."

ते कोणतं, हे त्यांनी मला त्या परतीच्या वाटेवर सांगितलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

डॉक्टरांचे आजोबा लामच्या लढाईला, म्हणजे पहिल्या महायुद्धाला गेले होते. येताना त्यांनी एक रिव्हॉल्व्हर आणलं. सणावाराला आजोबा ते काढायचे, पोरांपुढे अंगठ्याने घोडा मागे ओढायचे, कट्‌ असा आवाज व्हायचा आणि पोरं पळायची. त्या पोरांत डॉक्टर होते आणि त्यांचा थोरला भाऊही. आजोबा गेल्यावर विनापरवान्याचं हत्यार घरात नको म्हणून वडलांनी ते मळ्यातल्या विहिरीत टाकलं. निदान वडील तसं सांगत. पुढे डॉक्टर शिकायला बाहेर असताना बाजाराच्या वाटेवर मेंढरांचा एक दलाल गोळी लागून मेला. त्याचं आणि थोरल्याचं आदल्या बाजारी भांडण झालेलं. पोलिसांना थोरल्याच्या वाड्यावर लोकरीच्या गाठोड्यात एक जुनं फौजी रिव्हॉल्व्हर सापडलं. सरकारी वकील म्हणाला, हे आजोबांचंच. वडील शपथेवर म्हणाले, आजोबांचं विहिरीत आहे, हे कोणीतरी आणून ठेवलं. पोलिसांनी विहिरीत गळ सोडून बघितला. काही लागलं नाही. थोरल्याला जन्मठेप झाली आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर तो तुरुंगातच तापाने गेला.

"कोर्टात ते टेबलावर पडलं होतं," डॉक्टर म्हणाले. "मी समोर बसलो होतो. तेव्हा मला लोखंडातलं काय कळत होतं? पुन्हा बघायला मिळालं न्हाई, मोडीत गेलं. म्हणून शिकलो हे सगळं. विहिरीतलं वर आलं तर ते आजोबांचं आहे का, एवढं मला सांगता आलं पाहिजे."

"मग विहीर उपसत का नाही?" मी विचारलं. त्यांनी गाडीची काच वर केली.

विहीर उपसा म्हणून त्यांच्यामागे लागलेलं माणूस एकच होतं. थोरल्याची बायको. डॉक्टर तिला वैनी म्हणायचे, म्हणून आम्हीही. वैनी त्या मळ्यातच राहिली. नवरा तुरुंगात गेला तेव्हा लेक अंगावर पीत होती. गावाने तिला वाळीत टाकलं नाही; गावाने त्याहून वाईट केलं, तिला सांभाळून घेतलं. लग्नाकार्यात तिला जेवायला बोलवायचे, पण तिच्या हातात सुरी द्यायचे नाहीत. ती येताना दिसली की दलालाच्या घरची माणसं रस्ता बदलायची. म्हातारे सासरे मरताना तिला सांगून गेले होते, "पोरी, ईहीर एक दिस बोलंल." दरवर्षी उन्हाळ्यात वैनी वारूळवाडीला यायची, शेंगांची पिशवी ठेवायची आणि म्हणायची, "भावजी, औंदा तरी." डॉक्टर म्हणायचे, यंदा पाणी आहे. पुढच्या वर्षी म्हणायचे, विहिरीतला गाळ ओढायचं यंत्र लावणारा यारीवाला मोकळा नाही. वय सांगायला न भिणारा हा माणूस त्या एका विहिरीच्या काठावर जात नव्हता.

शेवटी निसर्गानेच वैनीची बाजू घेतली. बोअर आटलं. वैनीच्या जावयाने डॉक्टरांना न विचारताच यारी आणली आणि विहिरीचा गाळ काढायला सुरुवात केली. चार दिवस गाळच निघाला. मग एका सकाळी मला फोन आला. यारीच्या डोलीत गाळाबरोबर काहीतरी गुंडाळलेलं वर आलं होतं. मी आनंदाने वेडा झालो. वाटेत पेढे घेतले. हो, पेढे. डॉक्टरांना गाडीत घातलं आणि राजुरीपर्यंत मी एकटाच बोलत होतो.

विहिरीवर निम्मा गाव जमला होता. पोलीस पाटील बाजेवर बसले होते, आणि त्यांच्यापुढे पोत्यावर ते पडलं होतं. टायरच्या जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळलेलं, ट्यूबच्याच पट्टीने बांधलेलं. पट्टीची गाठ अजून शाबूत होती. एक म्हातारा धनगर पुढे वाकून म्हणाला, "ही तर तुज्या बापाची गाठ, डाक्टर. मेंढराचा पाय असाच बांधायचा त्यो. दुसऱ्या कुनाला जमत नव्हती." लोकांत कुजबुज सुरू झाली. विहिरीत होतं म्हणजे होतं. डॉक्टरांचा बाप कोर्टात खरं बोलला होता. मग थोरला उगाच गेला. वैनी आंब्याच्या बुंध्याशी उभी होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. मी तिला कधी एवढं ताठ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

पाटील म्हणाले, "डॉक्टर, तुमी बगा आनि सांगा. तुमी म्हनाल ते लिवतो."

डॉक्टर खाली बसले. गाठ त्यांनी कापली नाही, सोडवली. तीही एका हिसक्यात सुटली. ती त्यांनाही येत होती. ट्यूब फाटून आत चिखल शिरला होता, घट्ट झाला होता. लोकांकडे पाठ करून त्यांनी तो चिखल फडक्याने बाजूला केला. मी सवयीने शेजारी गुडघ्यावर बसलो होतो, कॅमेरा लावून. चिखलातून आधी मूठ आली. मग सांगाड्याची उजवी बाजू. मग घोडा.

घोड्याला शेंडी नव्हती. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं. मला ठेवायची गरज नव्हती. तो गोल होता, गुळगुळीत, जन्मापासून तसाच. त्याच्या खाली सांगाड्यावर मुकुट आणि चार आकडे ठोकलेले होते. अशा हत्यारांवर कारखाना सालही घालतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आजोबा लढाईवरून परत येऊन मेंढरांमागे लागल्याला त्या साली वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. त्यानंतर ते तालुक्याबाहेर गेले नव्हते. माझ्या बोटाने कॅमेऱ्याची कळ दाबली गेली. मी दाबली असं म्हणता येणार नाही.

डॉक्टरांनी अंगठा चिखलात घातला आणि तो चिखल त्या आकड्यांवर पुन्हा लावला. हलकेच, मेंढीच्या जखमेला हळद लावावी तसा. मग ट्यूब वरून ओढून घेतली आणि उठले.

"सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "सगळं गंजलंय."

पाटलांनी लिहून घेतलं. लोकांची काही हरकत नव्हती. त्यांना गाठ पुरेशी होती. विहिरीतून निघालं हे पुरेसं होतं. कोणीतरी वैनीला म्हणालंसुद्धा, "सुटला गं तुजा मालक." दलालाचा पुतण्या गर्दीत होता. तो पुढे आला आणि वैनीला वाकून नमस्कार करून गेला. इतकी वर्षं रस्ता बदलणारा माणूस.

वैनी त्याच्याकडे बघत नव्हती. ती डॉक्टरांकडे बघत होती. जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमाला वय कळंना, असं आजवर कंदी झालं न्हाई, भावजी."

डॉक्टरांनी चिखलाचा अंगठा फडक्याला पुसला. वैनीने त्या अंगठ्याकडे बघितलं. मग यारीवाल्याकडे वळून म्हणाली, "थांबू नका रं. गाळ काडा. पानी तरी लागू द्या." आणि आंब्याकडे परत गेली. या वेळी ती बुंध्याला टेकून उभी राहिली.

परतताना पेढ्यांचं खोकं दोघांच्या मध्ये होतं. नारायणगाव दिसायला लागल्यावर डॉक्टर बोलले. "टाकून द्यायचं असतं तर गुंडाळलं कशाला असतं? सापडावं म्हणून गुंडाळलं. आमचा बाप आयुष्यात एकदाच मुंबईला गेला. थोरल्याला शिक्षा झाल्यावर. जाताना चांगले बकरे घेऊन गेला, येताना रिकामा आला. आम्हाला वाटलं, वकिलाकडे गेला असंल." त्यांनी पेढ्यांच्या खोक्याचा दोरा सोडला. मग म्हणाले, "मेंढरू घेताना कंदी फसला न्हाई. हे घेताना मात्र फसला. त्याला काय म्हाईत, घोड्याला शेंडी लागते."

म्हणजे कोर्टात टेबलावर पडलेलं ते आजोबांचंच होतं. विहिरीत कधी काही टाकलंच नव्हतं, निदान तेव्हा नाही; टाकलं ते शिक्षेनंतर, मुंबईहून विकत आणलेलं. आजोबांचं गाठोड्यातच होतं आणि थोरल्याने ते त्या दिवशी बाजाराच्या वाटेवर काढलं होतं. मी एक पेढा तोंडात टाकला. काहीतरी करायचं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाटलांचा निरोप आला, पंचनाम्याला फोटो जोडायचा आहे, तुमच्याकडे असेल तर द्या. मी संगणकावर तो उघडला. इतकी वर्षं मी नंबरांचे फोटो काढत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा एक फोटो असा आला होता की आकडे मोजून घ्यावेत. गंजाचा कण न् कण स्पष्ट, मुकुट स्पष्ट, साल स्पष्ट. त्या वेळी माझा हात हलला नव्हता. मी तो संगणकावर धुरकट केला, चांगला हलवला, आणि छापून दिला. पाटील बघून हसले. "तुमचा हात काय सुदरत न्हाई राव," म्हणाले. कोणाला शंका आली नाही. आयुष्यभर केलेल्या चुका त्या दिवशी कामाला आल्या. मूळ फोटो मी पुसून टाकला.

त्यानंतर डॉक्टरांनी हत्यार हातात घेतलं नाही. लोक यायचे, परवाना पुढे करायचे. डॉक्टर म्हणायचे, "दिसत न्हाई आता." दोन्ही भिंगं त्यांनी मला देऊन टाकली. मेंढीचं वय विचारलं तरी "तुला काय वाटतं?" असं उलट विचारायचे. बाजारात जायचं बंद झालं. खरोखरच ते बाजारातून उठले. विहिरीला पाणी लागलं, वैनीच्या मळ्यात कांदा झाला, गावाने वैनीला हळदीच्या मांडवात पहिल्या पंगतीला बसवलं, तिच्या हातात सुरी दिली. डॉक्टर एकाही कार्याला गेले नाहीत. थंडीत छाती भरली आणि चार दिवसांत ते गेले. शेवटी मी जवळ होतो. त्यांनी माझा हात धरला, अंगठ्याचं नख माझ्या बोटांच्या सांध्यावरून फिरवलं आणि म्हणाले, "पन्नाशी उलटली की रे तुझी." मी म्हणालो, "अजून दोन वर्षं आहेत, डॉक्टर." ते म्हणाले, "नसतील." बरोबर होतं. मी आपलं लपवत होतो.

दहाव्याला विधी आटोपल्यावर माणसं पांगली. मी मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बसलो होतो. पाणी वरपर्यंत आलेलं. वैनी चहा घेऊन आली आणि थोडी लांब टेकली.

"तवा तुमी फोटू काडला व्हता नव्हं?" तिने विचारलं. "त्या टूबमदनं निगालं त्याचा."

"काढला होता, वैनी."

"नीट आला व्हता का?"

मी कपाकडे बघितलं. "हलला," मी म्हणालो.

वैनीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं, ते हसू होतं की दुसरं काही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिने रिकामी कपबशी माझ्या हातातून घेतली.

"भावजी म्हनायचे, तुमचा हात हलतो म्हनून," ती म्हणाली. "हलू द्या."